वेखंडाची परीक्षा

सहाणेशेजारच्या बाळगुटीच्या डब्यांत वेखंडाचें कांड नाहीं, असें घर पूर्वीं विरळाच. पाणथळ जागीं वाढणारी, तलवारीसारख्या पानांची ही वनस्पति. तिच्या जमिनींतील कांडास उग्र वास येतो. संस्कृतांत तिला ‘वचा’ म्हणतात, आणि अपस्मारावर, म्हणजे आपण ज्यास फेफरें किंवा फिट म्हणतों त्या विकारावर, आयुर्वेदानें तिची योजना केली आहे. हा जुना अनुभव खरा कीं खोटा, हें प्रयोगशाळा कसें ठरविते, तें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

प्रथम अर्क काढावा लागतो. वाळलेल्या कांडाची जाडसर पूड पेट्रोलियम ईथर, अल्कोहोल, पाणी अशा निरनिराळ्या द्रवांत भिजवितात. वेखंडाचा वास ज्या तेलांत आहे, तें पहिल्या दोहोंत सहज उतरतें; पाण्यांत फारच थोडें. म्हणून ‘वेखंड गुणकारी ठरलें’ असें वाचनांत आल्यास, कोणता अर्क, हें आधीं विचारावें. ईथरचा अर्क आणि आजीच्या सहाणेवरील वेढा हीं एक नव्हेत.

मेंदूंतील असंख्य पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनीं एकमेकींस निरोप देत असतात. त्यांतील पुष्कळशा एकाच वेळीं बेबंदपणें लहरी सोडूं लागल्या म्हणजे फिट येते. बोस्टन येथील मेरिट व पटनम या डॉक्टरांनीं मांजरांस विजेचा धक्का देऊन, कोणत्या द्रव्यानें आकडी टळते हें पाहिलें, व १९३८ सालीं फेनिटोइन हें औषध रोग्यांच्या उपयोगीं आणलें. आज असे प्रयोग बहुधा उंदरांवर, व तेही देखरेख समितीच्या परवानगीनें, करितात. उंदरांचे गट पाडून एका गटास अर्क ज्यांत कालविला तो नुसता द्रव देतात, दुसऱ्यास माहितीचें औषध, व उरलेल्यांस अर्काच्या कमी-अधिक मात्रा. मग धक्क्यानंतर कितींचे मागील पाय ताठ झाले, हें मोजतात. दुसऱ्या परीक्षेंत धक्क्याऐवजीं पेंटिलीनटेट्राझोल नांवाचें आकडी आणणारें द्रव्य टोंचतात. एकीवर भागत नाहीं. विजेच्या आकडीस रोखणारें फेनिटोइनच या दुसरीपुढें लंगडें पडतें.

येथें एक मोठी फसगत संभवते. गुंगी आणणाऱ्या पुष्कळ द्रव्यांनीं आकडी दबते. परंतु दिवसभर पेंगणारें मूल शाळेंत काय शिकणार? म्हणून उंदरास फिरत्या दांडीवर उभें करून तो किती वेळ तोल सांभाळतो, हेंही पाहतात. आकडी टळली पण उंदीर दांडीवरून पडला, तर त्या यशास आम्ही निम्मेच गुण देऊं. वेखंडाच्या अर्कांनीं उंदरांची आकडी लांबल्याचें वा सौम्य झाल्याचें कांहीं प्रयोगांत दिसलें आहे. त्यानें गुंगी येते, हेंही दिसलें आहे.

जंतूंची परीक्षा सोपी, आणि दिसावयासही मनोरम. स्वयंपाकघरांत ज्यास चिनी गवत म्हणतात त्या आगरचा पोषक थर काचेच्या तबकडींत ओतून त्यावर जंतु पसरतात, व अर्कांत भिजवून वाळविलेली कागदाची टिकली ठेवितात. ३७ अंश सेल्सिअस उष्णतेंत एक रात्र गेल्यावर तबकडीवर जंतूंची साय धरते. अर्क प्रभावी असेल तर टिकलीभोंवतीं स्वच्छ वर्तुळ राहतें. मात्र अल्कोहोल स्वतःच जंतुघ्न आहे. म्हणून शेजारीं नुसत्या अल्कोहोलची वाळविलेली टिकलीही हवी. शिवाय तेलकट द्रव्य त्या पाणीदार थरांत नीट पसरत नाहीं, तेव्हां वर्तुळ लहान म्हणून अर्क दुबळा, असें होत नाहीं. याकरितां अर्क निम्मा-निम्मा पातळ करीत नळ्यांची ओळ लावितात, आणि कितव्या नळींत जंतु पुनः वाढूं लागले तें पाहतात.

समजा, दोन्ही परीक्षांत वेखंड उत्तीर्ण झालें. तरी तें औषध झालें नाहीं. त्याच्या तेलांत बीटा-ॲसारोन नांवाचें द्रव्य असतें, व भारतीय वेखंडांत त्याचा अंश मोठा असतो. तें खाऊं घातलेल्या उंदरांस गांठी झाल्याचें आढळल्यावरून अमेरिकेनें १९६८ सालीं खाद्यपदार्थांत वेखंड व त्याचें तेल घालण्यास बंदी केली. तान्ह्या मुलास वेखंड चाटविण्यापूर्वीं पालकांनीं डॉक्टरांस विचारावें, असें आम्हांस वाटतें, तें याच कारणानें.

ज्या घरीं मुलास फिटचा विकार आहे, तेथील पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे. झाडपाल्याच्या भरंवशावर चालू गोळ्या एकाएकीं बंद करूं नयेत. तसें केल्यानें न थांबणारी फिट येऊन प्राणावर बेततें. फिट आली असतां कांदा वा वहाण हुंगवूं नये, दांतांत चमचा घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. मुलास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें, आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत फिट न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.