उलटी लावलेली काडी

गुलाबाच्या फांदीच्या काड्या लावायच्या झाल्या, की माळी प्रत्येक काडीचे खालचे टोक तिरपे कापतो आणि वरचे सरळ. आमच्या घरी मागे हा भेद न पाळताच चार काड्या कुंडीत खोचल्या गेल्या. (कोणी, ते गृहशांतीसाठी सांगत नाही!) दोन फुटल्या, दोन सुकल्या. सुकलेल्या उपटून पाहिल्या, तर दोन्ही उलट्या!

मातीला काय त्याचे? पण काडीला असते. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातले झाड. हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या फांद्यांचे तुकडे दमट जागी टांगले. काही सुलटे, काही उलटे. मुळे फुटली ती मूळच्या खालच्या टोकालाच, मग ते छताकडे का असेना! लहान तुकड्यांचीही तीच तऱ्हा. लोहचुंबक मोडला, तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर-दक्षिण असतेच, तसे. फ्योख्टिंगचा ग्रंथ 1878 सालचा. वर-खालीची ही जाण पेशीपेशीत असते.

पण पेशीला ना डोळे, ना कान! तिला दिशा कळते कशी?

शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि एकेका पेशीतून खाली उतरते. पेशीच्या भिंतीत थोडी आम्लता असते. तिथून ऑक्सिन सहज आत शिरते. आत आम्लता कमी. तिथे त्यावर विद्युतभार येतो आणि स्वारी अडकते! बाहेर पडायला प्रथिनांची खास दारे लागतात, आणि खोडात ती पेशीच्या तळाकडे असतात. म्हणून कापलेल्या काडीच्या खालच्या टोकाशी ऑक्सिन साठते आणि तिथेच मुळे फुटतात.

मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या रोपट्यात हे दार बिघडले, तर फुलांऐवजी टाचणीसारखा बोडका दांडा उभा राहतो. त्यावरून या प्रथिनांना ‘पिन’ हे नाव मिळाले. पहिल्या पिनचे जनुक 1998 साली हाती लागले.

ही दारे एकदाच बसवून पेशी स्वस्थ बसत नाही बरे! ती त्यांना सारखी आत ओढते आणि पुन्हा त्याच बाजूला नेऊन बसवते. घराची दारे रोज काढून रोज बसवावीत, तसा हा उद्योग. पण त्यामुळेच अडचणीच्या वेळी दिशा बदलता येते. जेरुसलेमच्या त्स्वी साख्स यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले, की खोडाला खाच पडली तर ऑक्सिन जखमेला वळसा घालते आणि त्या वळणावर नव्या शिरा तयार होतात. रानात चार माणसे गेली की पायवाट पडते आणि मग सगळे तिनेच जातात, तसेच हे. मात्र प्रवाह कोणीकडे चालला आहे हे पेशी ओळखते कशी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

आमच्याकडे आता काड्या तिरप्या कापूनच लावतात.