दोन कॉइल, चार गिअर

सिग्नल हिरवा होतो, पाय ॲक्सिलरेटरवर पडतो, इंजिन गुरगुरतं. पण गाडी चढाला लागलेल्या भरल्या बैलगाडीसारखी रेटत रेटत पुढे सरकते. कारण ती पहिल्या गिअरऐवजी तिसऱ्यात निघालेली असते. मालकाच्या मनात धस्स होतं, ‘गिअरबॉक्स गेला!’ पुष्कळदा तो गेलेला नसतोच. गेलेली असते एखादी तार. ती नेमकी कुठली, हे गिअरबॉक्स न उघडता शोधण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही रीत शिकायला जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फार चांगला. १९८२ साली आलेल्या ७००आर४चा हा वारस. त्या जुन्या यंत्रात गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवायचा. १९९३ पासून तो निर्णय संगणकाकडे गेला आणि नावापुढे ‘ई’ लागला. ओहायोतल्या टोलिडोच्या कारखान्यात तयार झालेले हे गिअरबॉक्स पुढे सिल्व्हराडो, टाहो, कॅमेरो अशा गाड्यांमधून अमेरिकाभर धावले.

निर्णय संगणकाचा असला तरी काम अजून तेलच करतं. दोघांमधला दुवा म्हणजे शिफ्ट सॉलेनॉइड: तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या चुंबकत्वाने हलणारा छोटा दट्ट्या. वीज नसताना तेलाला निसटायची वाट मोकळी असते. वीज आली की ती वाट बंद होते, दाब साठतो आणि व्हॉल्व्ह सरकतो. असे दोन सॉलेनॉइड आहेत, ‘ए’ आणि ‘बी’. दोन्ही चालू म्हणजे पहिला गिअर, एकटा ‘बी’ चालू म्हणजे दुसरा, दोन्ही बंद म्हणजे तिसरा आणि एकटा ‘ए’ चालू म्हणजे चौथा. दोन कॉइलांत चार गिअर! या मांडणीत एक शहाणपण आहे. हमरस्त्यावर वेगात असताना वीज तुटली तर गाडी पहिल्यात आदळत नाही, तिसऱ्यात येते आणि घरापर्यंत पोचवते.

आता बिघाड. स्कॅनर लावल्यावर पी०७५३ दिसला तर तक्रार ‘ए’च्या विजेची, पी०७५८ दिसला तर ‘बी’च्या विजेची. पी०७५१ मात्र वेगळा. तो सांगतो की ‘ए’ला हुकूम गेला, पण गिअर अपेक्षेप्रमाणे पडला नाही. तिथे अडकलेला व्हॉल्व्ह किंवा तेलातला कचराही दोषी असू शकतो. या दोन जातींची गल्लत झाली की चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात.

विजेचा दोष संगणकाला कळतो कसा? इग्निशन चालू असताना सॉलेनॉइडच्या एका टोकाला फ्यूजमधून १२ व्होल्ट कायम असतात. दुसरं टोक संगणक अर्थला जोडतो किंवा सोडतो. सोडलेलं असताना त्या तारेवर बॅटरीइतका व्होल्टेज दिसला पाहिजे, जोडल्यावर जवळजवळ शून्य. सोडूनही शून्यच दिसला, तर वाटेत कुठेतरी तार तुटली आहे किंवा ती बॉडीला टेकली आहे. म्हणूनच दोन्ही कोड एकदम आले तर दोन्ही कॉइल एकाच दिवशी जळल्या असं मानू नये. आधी फ्यूज बघावा. दोघांना वीज पुरवणारी तार एकच आहे.

फ्यूज ठीक निघाला, तर गिअरबॉक्सच्या बाजूचा २० पिनांचा कनेक्टर काढायचा आणि गिअरबॉक्सकडच्या पिनांवर मल्टीमीटर लावायचा. ‘ई’ ही पुरवठ्याची पिन. ‘ई’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये साधारण २० ते ३० ओहम यावेत, ‘ई’ आणि ‘बी’मध्येही तेवढेच. आकडा अनंत आला तर आतली तार किंवा कॉइल तुटलेली. शून्याजवळ आला तर शॉर्ट. या तिन्हींपैकी प्रत्येक पिन आणि बॉडी यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दोन मिनिटांचं हे काम. ते न करता तेल काढून पॅनचे १६ बोल्ट खोलणं मला घाईचं वाटतं.

अवघड प्रकरण पुढे आहे: गाडी सकाळी नीट चालते आणि तासाभराने तिसऱ्यात अडकते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना २२ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना २९च्या आसपास दाखवेल. एवढी वाढ चालते. पण कॉइलमधली बारीक चीर तापल्यावरच उघडते आणि थंड मीटरला ती कधीच सापडत नाही. तशीच कनेक्टरमागे गंजून एका धाग्यावर आलेली तार. ओहम मोजताना मीटर इतका थोडा करंट सोडतो की तो एक धागाही पुरतो. अर्धा अँपिअर वाहायची वेळ आली की तीच तार हार मानते. म्हणून अशा वेळी सॉलेनॉइड चालू ठेवून तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. चांगल्या तारेत तो जेमतेम दिसतो.

शेवटी हात. गिअरबॉक्स गरम असताना मीटर जोडलेला ठेवायचा आणि वायरिंग वीतभर अंतराने हळूहळू हलवत जायचं: कनेक्टरजवळ, क्लिपखाली, एक्झॉस्टच्या पाइपाशेजारी. आकडा उडाला की तिथेच थांबायचं. वरचं आवरण सोललं की आत हिरवट पडलेलं तांबं दिसतं.