गणदासाची शिष्या

बॅलेच्या जगातल्या प्रेमकथांचा साचा ठरलेला. होतकरू नर्तकी, करडा दिग्दर्शक, बोटं सोलून निघेपर्यंत तालीम, आणि भलत्या वेळी जडलेलं प्रेम. ‘द रेड शूज’ (१९४८) या इंग्रजी चित्रपटातल्या लेरमंतॉव्हला नर्तकीनं प्रेमात पडणं म्हणजे फितुरीच वाटते. नवरा की नाच, या ओढाताणीत व्हिकी पेज शेवटी जीव गमावते. शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) गोपीकृष्ण आणि संध्या यांच्यामध्ये असाच गुरू उभा आहे, केशवराव दात्यांचा.

माझी भाची अशा कादंबऱ्या मोबाइलवर रात्ररात्र वाचते. “मावशी, आपल्याकडे जुनं असं काही नाही का गं?” तिनं विचारलं. दीक्षितपुऱ्यातल्या या घरात मी जन्मभर संस्कृतच्या शिकवण्या घेतल्या. कपाटातलं काळ्यांच्या आवृत्तीचं कालिदासाचं नाटक ‘मालविकाग्निमित्र’ काढून तिच्यापुढे ठेवलं.

मालविका विदर्भाची राजकन्या. वाटेत दरोडा पडतो, माणसांची पांगापांग होते, आणि ती सीमेवरच्या किल्ल्याचा अधिकारी वीरसेन याच्या हाती लागते. किल्ला नर्मदाकाठचा, काही पोथ्यांत मंदाकिनी म्हटलंय, पण नर्मदेच्या ग्वारीघाटावर स्नानाला जाणाऱ्या बाईनं कोणता पाठ मानावा हे काय सांगायचं! वीरसेन तिला विदिशेला आपल्या बहिणीकडे, राजा अग्निमित्राच्या धारिणी राणीकडे, पाठवतो. तिथे ती ओळख लपवून दासी म्हणून राहते आणि गणदासाकडे नाच शिकते.

दरबारात नृत्याचे आचार्य दोन, गणदास आणि हरदत्त. दोघंही पगारी. कोण श्रेष्ठ यावरून दोघांत जुंपते आणि विदूषक म्हणतो, होऊ द्या एडक्यांची टक्कर, नाहीतर यांना फुकट पगार कशाला द्यायचा? नृत्यसंस्थेचं राजकारण याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. पंच नेमली जाते ती कौशिकी परिव्राजिका. निकाल शिष्यांच्या नाचावरून लावायचा, आणि अंगांची हालचाल दिसावी म्हणून भारी वेशभूषा नको, ही अटही तिचीच. धारिणीला मात्र हा सगळा बनाव मालविका राजाच्या नजरेस पडावी म्हणून चाललाय हे पहिल्यापासून कळलेलं असतं.

मालविका छलित नावाचा अवघड प्रकार सादर करते. तरी मला आवडतो तो नाच संपल्यानंतरचा क्षण. विदूषक काहीतरी खुसपट काढून तिला थांबवतो. ती डावा हात कमरेवर ठेवून उभी. दुसरा हात सैल सोडलेला, नजर खाली, पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचं फूल चाळवते आहे. राजाला हे उभं राहणं नाचापेक्षाही सुंदर वाटतं. नाचणाऱ्या माणसाचा देह थांबल्यावरही नाचतच असतो, हे कालिदासानं नक्की कुणाकडे तरी पाहून लिहिलंय.

इथे प्रेम नाचाच्या आड येत नाही, नाचाच्या परीक्षेतच जडतं. आड येतात त्या राण्या. धाकटी इरावती तर कंबरपट्टा उगारून राजाच्या अंगावर धावते, आणि मालविका कोठडीत जाते. पुढे खरं कूळ उघड होतं, लग्न होतं, वर्धा नदी हद्द धरून विदर्भाच्या वाटण्या होतात. आमचं मूळ घर वर्धेकडचं, पण हा शेवट मला घाईचा वाटतो.

या नाटकाचा बॅलेही झाला. कथकला मोठ्या रंगमंचावर नेणाऱ्या मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी १९३९ मध्ये ‘मालविकाग्निमित्र’ बसवलं. त्यांची नृत्यशाळा खंडाळ्याला होती. त्याआधी त्यांचा संच युरोपभर फिरून आला होता, १९३६ च्या बर्लिनच्या नृत्यस्पर्धेतही उतरला होता.

भाचीनं पुस्तक दोन रात्रींत संपवलं आणि भलतंच विचारलं, “मग हरदत्ताच्या शिष्येचं काय झालं?” काहीच नाही. गणदासाची पाळी होते, दुपार झाल्याची ललकारी उठते, विदूषकाला भूक लागते आणि राजा हरदत्ताला सांगतो, तुमचं उद्या पाहू. तो उद्या नाटकात उगवतच नाही. कुणी कादंबरी लिहिणार असेल तर ती या मुलीवर लिहावी, आणि तिला प्रेमात पाडायचंच असेल तर राजाच्या नको.