चटई, गिटार आणि खंजिरी

आमच्या वर्ध्याच्या घरात पहिला तालखेळ आला तो गुंडाळी होऊन. 2009 च्या उन्हाळ्यात नागपूरला गेलो असताना सीताबर्डीवरच्या एका दुकानातून पुतणीसाठी ‘डान्स मॅट’ घेतली. गुलाबी-निळ्या प्लास्टिकची चटई, तिच्यावर चार दिशांचे चार बाण, कोपऱ्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला टीव्हीत खोचायच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना. “कॅसेट-बिसेट काही लागत नाही साहेब, गेम चटईतच भरले आहेत,” दुकानदार म्हणाला. तेवढं खरं निघालं. पडद्यावर खालून वर बाण सरकत यायचे आणि वरच्या चौकटीला टेकले की त्या दिशेच्या बाणावर पाय मारायचा. पहिल्या दिवशी आजीपासून सगळ्यांनी पाय मारले. तिसऱ्या दिवशी डावा बाण मेला.

मग मी शिवण उसवली. आत काहीच गूढ नव्हतं. वीज वाहून नेणाऱ्या रंगाचे पट्टे छापलेले दोन पातळ कागद आणि त्यांच्यामध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की भोकातून वरचा कागद खालच्याला टेकतो, सर्किट पुरं होतं आणि खेळाला कळतं, ‘डावा’. आमच्या चटईतला डावीकडचा स्पंज चपटा होऊन दोन्ही कागद कायमचे चिकटले होते. म्हणजे खेळाच्या दृष्टीनं पुतणी चोवीस तास डाव्या बाणावर उभी होती. चप्पलच्या जुन्या तळव्यातून एक तुकडा कापून आत घातला आणि बाण उठला. पण चटई गुळगुळीत फरशीवर सरकायची ती सरकायचीच. शेवटी सुताराकडून प्लायवूडची फळी आणून तिच्यावर ती चिकटपट्टीनं ताणून बसवली. अमेरिकेतले पट्टीचे खेळाडूही हेच करतात, हे पुढं कळलं तेव्हा उगाच छाती फुगली.

या चटईचं मूळ जपानमधलं. ‘पॅरापा द रॅपर’ या 1996 च्या कागदी कुत्र्याच्या खेळात नुसती बटणं होती. खरी गंमत 1997 मध्ये कोनामी कंपनीच्या ‘बीटमॅनिया’नं सुरू केली. त्यात डीजेची फिरती तबकडी होती. पुढच्याच वर्षी ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आलं आणि बटणांची जागा पायांनी घेतली. आधी ती मोठी यंत्रं खेळघरांत होती. घरी न्यायची तर पायाखाली काहीतरी हवं, म्हणून चटई. 2006 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं आपल्या सर्व 765 सरकारी शाळांत हा नाच नेण्याचं जाहीर केलं होतं, पोरांची वजनं उतरावीत म्हणून. आमच्या चटईनं कुणाचं वजन उतरवलं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना वर्ध्यात कुणी चार मिनिटांहून जास्त नाचत नाही.

तोवर आमच्या भागात ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे कॅसेटवाला. पिवळी कॅसेट, फुंकर मारून बसवायची, आणि मारिओ नाहीतर काँट्रा. तासाच्या भाड्यानं खेळायची दुकानं होती, पण तालखेळ तिथं मी पाहिला नाही. कारण उघड आहे. तालखेळाला स्वतःचं साधन लागतं आणि भाड्याच्या दुकानात असं साधन आठवडाभर टिकत नाही. या खेळांचा आढावा घ्यायचा तर गाण्यांच्या याद्या देऊन भागणार नाही. जगलं-मेलं ते साधन, आणि खेळ त्याच्या मागून गेला.

साधनं तरी किती! सेगाच्या ‘सांबा दे अमिगो’ला खुळखुळे होते. नामकोच्या 2001 च्या ‘ताइको नो तात्सुजिन’ला जपानी ढोल आणि दोन टिपऱ्या. लाल खूण आली की मधोमध, निळी आली की काठावर. तबल्याची थाप आणि चाट ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 2003 च्या ‘डाँकी काँगा’चा जोडढोल मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात एक बारीक माइक आहे आणि त्याला टाळी ऐकू येते. ढोल वाजवता वाजवता मधेच टाळी द्यायची! हे सुचलेला माणूस कधीतरी भजनाला बसला असावा, अशी माझी आपली एक शंका.

गिटार आमच्याकडे आली ती न्यू जर्सीच्या मामेभावाच्या बॅगेतून. तिच्यामागची गोष्ट मजेशीर आहे. रेडऑक्टेन नावाची कंपनी आधी खेळ भाड्यानं द्यायची आणि नाचाच्या चटया विकायची. तिनं हार्मोनिक्स या बोस्टनकडच्या कंपनीला हाताशी धरून 2005 च्या नोव्हेंबरात ‘गिटार हिरो’ बाजारात आणला. मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं आणि पोटावर तारांच्या जागी एक पट्टी. डाव्या हातानं रंग दाबायचा, उजव्यानं पट्टी छेडायची. तार एकही नाही. तरी पट्टीचा ‘खट्’ आवाज आणि स्पीकरमधला सूर एकत्र पडला की आपण वाजवतोय असं अंगात येतं, आणि चुकलं की गिटारचा सूर गाण्यातून गायब होतो. ही युक्ती फार हुशारीची. शिक्षा म्हणून गुण कापण्यापेक्षा सूर काढून घेणं जास्त लागतं. 2006 मध्ये ॲक्टिव्हिजननं रेडऑक्टेन विकत घेतली. 2007 चा तिसरा भाग एवढा खपला की त्या एका खेळाची विक्री शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं. त्याच वर्षी हार्मोनिक्सनं ‘रॉक बँड’ काढला. गिटार, बेस, ड्रम, माइक, म्हणजे घरातलं अख्खं कुटुंब कामाला.

भावाच्या बॅगेत गिटारसोबत तिकडचा कन्सोल होता. त्याचा पॉवरचा ठोकळा फक्त 110 ते 127 व्होल्टचा. तसं त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, आम्ही वाचलं नाही. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटात पिन घातली, एक ‘फट्’ झालं, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरभर जळक्या रबराचा वास. बाहेर फटाके चालू असल्यानं शेजाऱ्यांना काही कळलं नाही एवढंच. नागपूरहून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणि जुना ठोकळा मिळवेपर्यंत तुळशीचं लग्न उरकलं होतं.

पुढची दोन वर्षं ती गिटार गल्लीत फिरली. तिची मान काढता-घालता यायची, आणि दुखणंही तिथंच. जोडावरची पितळी टोकं काळवंडली की नारिंगी बटण ऐकेनासं व्हायचं. शाळेच्या खोडरबरानं ती घासली की महिनाभर चालायची. पट्टीखालचे दोन चिमुकले स्विच झिजले, तेव्हा आर्वी नाक्याकडच्या एका रेडिओ मेकॅनिकनं माउसमधले काढून तिथं डाखले. घेतले साठ रुपये. “हे वाजते कुठून?” असं मात्र तो तीनदा विचारून राहिला होता.

आणि मग हा सगळा बाजारच बसला. 2009 या एका वर्षात ‘हिरो’ नावाचे अर्ध्या डझनाच्या आसपास खेळ दुकानांत आले. बीटल्सचा ‘रॉक बँड’, डीजेची तबकडी हे आणखी वर. लोकांच्या दिवाणखान्यात आधीच दोन गिटारी आणि एक ड्रम अडगळ करून बसलेले. 2011 च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजननं गिटार हिरोचा विभाग बंद केला. 2015 मध्ये दोन्ही खेळ नव्यानं आले. ‘गिटार हिरो’च्या नव्या गिटारीला पाचऐवजी सहा बटणं दिली, त्यामुळे त्या खेळाला जुन्या गिटारी निकामी. तिची बहुतेक गाणी इंटरनेटवरून यायची, ती सेवा 2018 च्या अखेरीस थांबली आणि नवी गिटारही जवळपास मुकी झाली. माझ्या मते हा सरळ सरळ दगा आहे. वाद्य म्हणून विकलं तर ते वाद्यासारखं टिकलं पाहिजे.

हार्मोनिक्स 2021 मध्ये एपिक कंपनीकडे गेली आणि 2023 च्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’च्या आत तालखेळ आला. 2024 मध्ये त्यासाठी पुन्हा प्लास्टिकची नवी गिटार निघाली. ज्यांनी जुनी भंगारात दिली ते आता तीच शोधत फिरतात. डोळ्यांवर पेटी बांधून लाल-निळे ठोकळे कापायचा ‘बीट सेबर’ 2018 चा. एका परिचितांकडे खेळून पाहिला. खेळ झकास, पण आपल्याकडे छताला पंखा असतो, हे त्याच्या कर्त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता जरा ठोक्याबद्दल. आमच्याकडे जुना डबा टीव्ही गेला आणि भिंतीवरचा चपटा आला, त्या दिवसापासून सगळ्यांचे गुण घसरले. पोरं म्हणाली गिटार बिघडली. गिटार ठीक होती. डबा टीव्ही आलेलं चित्र आलं तसं दाखवायचा. चपटा टीव्ही ते आधी घासूनपुसून देखणं करतो आणि मग दाखवतो, त्यात काही दशांश मिलिसेकंद नव्हे, चांगले पन्नास-शंभर मिलिसेकंद जाऊ शकतात. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ लावला की ही घासपूस बरीच थांबते. नाचाच्या खेळात सर्वांत वरचा शेरा मिळवायला चुकीची मुभा जेमतेम 17 मिलिसेकंदांची, हे लक्षात घ्या. ब्लूटूथ स्पीकर तर वैरीच. त्याचा आवाज सहज 150 ते 250 मिलिसेकंद मागं पडतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच 500 मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका वाटेत हरवला. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलापासून पस्तीसेक मीटर मागं चाललं की टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं नंतर येतो, त्याच्या दुप्पट हा घोळ. वायरवाला हेडफोन लावा, निम्मं दुखणं जातं.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि वर्ध्या-हिंगणघाटच्या घरांत तालखेळ शिरला तो फोनमधून, साधनाशिवाय. काळ्या फरशा टिपायचा ‘पियानो टाइल्स’ 2014 चा. त्याची भावंडं आज लग्नाच्या मांडवात कंटाळलेल्या कुठल्याही पोराच्या हातात दिसतात. मला ते खेळ फिके वाटतात. काचेवर बोट आपटून हाताला काही उत्तर येत नाही. पण त्यांच्या एका चुलतभावानं मोठं काम केलंय. ‘सिंथेशिया’ नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम आहे, वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या ज्या पट्टीवर पडतील ती कीबोर्डवर दाबायची. सुरुवातीला त्याचं नाव ‘पियानो हिरो’ होतं, ॲक्टिव्हिजननं हरकत घेतल्यावर बदललं. याच पडत्या पट्ट्यांचे व्हिडिओ लावून, घरातल्या धूळ खात पडलेल्या कॅसिओवर मराठी गाणी बसवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातलं एक पोट्टं आता गावच्या भजनात पेटीवर असते. सुरांची नावं त्याला येत नाहीत, बोटं मात्र बरोबर पडतात.

भजनाचा विषय निघाला की आमच्याकडे खंजिरी आलीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची मोझरी अमरावती जिल्ह्यातली, पण 1936 मध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला राहिलेले, त्यामुळे खंजिरीवर वर्धेकर आपलाही हक्क सांगतात. 1955 मध्ये महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि खंजिरी तिथंही वाजली. बीटमॅनियाच्या बेचाळीस वर्षं आधी! याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मला हे आठवून बरं वाटतं.

सेलूकडच्या एका खेड्यातले आबाजी आमच्याकडे दिवाळीआधी येतात, महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाऊन परतताना. पन्नास वर्षं खंजिरी वाजवणारा हात. गेल्या खेपेला पुतण्यानं त्यांना ढोलाचा खेळ लावून दिला आणि फोनऐवजी उशीवर थापा मारायला सांगितलं, स्वतः बाजूला बसून त्यांच्या थापेबरहुकूम काच दाबू लागला. मला वाटलं आता गंमत. आबाजी सपशेल हरले. पहिली ओळ अचूक, दुसरी जवळपास, आणि तिसरीपासून प्रत्येक थाप आधी, आणखी आधी. पुतण्या म्हणाला, “आबाजी, तुम्ही पळून राहिले.” आबाजींनी उशी बाजूला सारली. “हे पुढंच जात नाही ना राजा. भजन रंगलं का लय चढतेच. हे पाहा, जिथल्या तिथं. गाणारा नाही, झिलकरी नाही, मी एकटा रंगून काय करू?”

हे मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं. खेळातली लय आधीच आखलेली असते, आपण तिच्या रेघेवर पाय ठेवायचा. भजनातली लय बसलेल्या दहा जणांची असते आणि दहा जण मिळून ती वाढवतात. ‘रॉक बँड’मध्येही चार जण वाजवतात, पण चौघांनी मिळून ठरवलं तरी गाणं एका मात्रेनंही पळत नाही.

तसा खेळ करता येणार नाही असं नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये थाप ओळखायला पिझोची चकती असते, तीच जी दारावरच्या बझरमध्ये असते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळते. ती खंजिरीच्या कातड्याला आतून चिकटवून वायर संगणकाला देता येते. चार जणांच्या थापांची सरासरी काढायची आणि गाण्याची गती तिच्यामागं न्यायची, एवढंच गणित. सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या कुणा पोरापोरींनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय घ्यावा. फायबरची खंजिरी मी देईन, थाप मारायला आबाजी येतील. मी विचारून ठेवलंय.

आमची ती गिटार या दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून उतरवली. मान ठीक, बटणं ठीक. पण पाठीतले दोन सेल तसेच राहिले होते. ते फुटून त्यांचं पाणी पत्र्याच्या पट्ट्यांत उतरलं आणि हिरवा गंज चढून पट्ट्या तुटल्या. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि परत वर टाकण्याआधी सेल तेवढे काढून ठेवा.