सासूबाईंची लस कुणाच्या यादीत?

एप्रिल-मे म्हणजे घरोघरी साठवणीची धांदल. गहू निवडायचे, तिखट कांडून आणायचं, पापड-कुरडया वाळवायच्या. मैत्रिणींनो, याच यादीत आणखी एक काम लिहून ठेवा : घरातल्या साठीपुढच्या माणसांना फ्लूची लस.

लस म्हटलं की आपल्याला पाळण्यातलं बाळच आठवतं. म्हाताऱ्या माणसाला सुई कशाला, असं सगळ्यांना वाटतं आणि सर्वांत जास्त त्या माणसालाच. महिला मंडळात मी हा विषय काढला तर एक आजी म्हणाल्या, "अगं, कोरोनाची दोनदा टोचलीय की! आता आणखी किती भोकं पाडणार?" सगळ्या हसल्या. पण आजींचा प्रश्न रास्त होता. कोरोनाची लस वेगळी, फ्लूची वेगळी. आणि ही दरवर्षी घ्यायची, कारण फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. त्यात कोणते विषाणू घ्यायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात करते. शिवाय लसीचं बळही काही महिन्यांत ओसरतं.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, थंडीतही डोकं वर काढतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून फिरणारे लोक तुम्हाला आठवत असतील. तो विषाणू कुठे गेलेला नाही, दरवर्षीच्या फ्लूतच मिसळून गेलाय.

वयस्कर माणसांत हा आजार दरवेळी सणसणून ताप घेऊन येत नाही. आजी जेवत नाहीत, पडून राहतात, बोलताना गोंधळतात, एवढंच दिसतं. आपण म्हणतो, वय झालं. तोवर न्यूमोनिया गाठतो. मधुमेह, दमा असेल तर जास्तच जपायला हवं. फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो, हे तर बऱ्याच जणींच्या गावीही नसतं.

लस घेतली की फ्लू होणारच नाही, असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. उतारवयात ती तरुणांइतकी लागू पडत नाही. पण दुखणं बळावून दवाखान्यात भरती करायची वेळ येण्याचा धोका कमी होतो. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद-दोन दिवस कणकण वाटेल. संरक्षण यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यायची. खोक्यावरचा हंगाम आणि मुदत वाचून घ्या. अंगात ताप असेल, पूर्वी एखाद्या लसीची रिॲक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

अडतं ते पैशावर. खासगीत दीड-दोन हजारांच्या घरात जाते. सरकारी रुग्णालयात जोखमीच्या रुग्णांना ती मोफतही दिली गेली आहे, तेव्हा तिथे आधी विचारा. एकाच लसीचे पैसे असले की ती सासऱ्यांना मिळते, हे मी कितीतरी घरांत बघते. सासूबाई स्वतःच म्हणतात, "माझं काय एवढं!" आणि सासरे आजारी पडले की रात्रभर उशाशी बसणार त्याच.

आमच्या गल्लीतल्या चौघींनी यंदा भिशीतच वेगळा डबा केलाय. महिन्याला दीडशे, वर्षाचे अठराशे. डब्यावर चारही सासूबाईंची नावं लिहिलीत.