कोंबडीचं पोट आणि उरलेली कॅप्सूल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजी चिठ्ठी हातात घेऊनही खुर्चीवरून उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "डाक्टर, एक इचारू का? नातवाला हगवण लागली व्हती तवा तुम्ही पुड्या दिल्या व्हत्या. त्यातल्या चार उरल्यात. कोंबड्यांना पाण्यातून दिल्या तर चालतील का?"

त्या पुड्या प्रोबायोटिकच्या होत्या. आजींकडे आठ गावठी कोंबड्या होत्या आणि त्यातल्या पाच आठवडाभर पातळ हगत होत्या. याआधी काही औषध दिलं का, असं विचारलं. मुलाची दाढ दुखली तेव्हा आणलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल घरात उरल्या होत्या. त्या फोडून तीन दिवस पाण्यात टाकल्या, तरी दोन कोंबड्या दगावल्या. अंडी कोण खातं, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "नातूच खातो की. दुसरं कोन?"

नेवासा परिसरात वस्तीवरच्या बहुतेक घरांत चार-सहा कोंबड्या असतात. आता शहरातल्या बंगल्यांतही हौसेनं कोंबड्या पाळल्या जातात. त्यामुळे आजींचा प्रश्न अनेकांचा आहे. मी माणसांचा डॉक्टर आहे, कोंबड्यांचा नाही. पण त्यांच्या पाण्यात पडणारं औषध शेवटी माझ्याच रुग्णांपर्यंत येतं, म्हणून या विषयावर लिहितो आहे.

पोटात चालतं काय?

कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो आणि भिजतो. पुढे आपण ज्याला पेटा म्हणतो त्या जाड स्नायूंच्या पोटात, कोंबडीनं गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीनं तो दळला जातो. आतड्याच्या शेवटाकडे बंद टोकाच्या दोन पिशव्या असतात. तिथे जिवाणूंची सर्वांत दाट वस्ती असते. न पचलेला काही भाग हे जिवाणू आंबवतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत.

ही वस्ती पिल्लाला मिळते कुठून? खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईमागे उकिरडा टोकरतं, तिच्या विष्ठेत चोच घालतं आणि तिचे जिवाणू उचलतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. गावोगाव फिरून विकली जाणारी पिल्लं बहुतेक अशीच असतात. त्यांच्या पोटातली जागा रिकामी असते आणि जो जंतू आधी येईल तो ती बळकावतो.

१९७१ साली फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला जिवाणूची मोठी साथ आली. तिथल्या नुर्मी आणि रांटाला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या पोटातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिले. त्या पिल्लांत साल्मोनेलाला सहज शिरकाव करता आला नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कुक्कुटपालनातल्या प्रोबायोटिकचा शास्त्रीय पाया तिथे घातला गेला. मात्र हा प्रयोग घरी करू नये. धडधाकट दिसणारी कोंबडीही साल्मोनेला बाळगून असू शकते.

प्रोबायोटिक कधी द्यावं?

पुरेशा मात्रेत दिल्यावर यजमानाच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. यातला 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात तापलेली किंवा ब्लिचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात कालवलेली पुडी द्या अथवा देऊ नका, बराचसा हिशेब तोच. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू त्यात मरतात. बीजाणूंच्या रूपात असलेले बॅसिलस तेवढे तग धरतात.

उपयोगाच्या वेळा मोजक्या आहेत. यंत्रातून आलेल्या पिल्लांचे पहिले दिवस, पशुवैद्यकानं दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यानंतरचा काळ, लांबचा प्रवास किंवा खाद्यातला मोठा बदल. अशा वेळी कुक्कुटपालनासाठी बनवलेलं प्रोबायोटिक पशुवैद्यकाला विचारून द्यावं. माणसाच्या पुडीनं सहसा अपाय होणार नाही, पण कोंबडीसाठी तिची मात्रा कोणी ठरवलेली नाही. अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या निरोगी कोंबडीला रोज प्रोबायोटिक देण्यात मला अर्थ दिसत नाही.

"मग ताक?" हा पुढचा प्रश्न असतोच. खाद्यात थोडंसं ताक कालवलं तर चालतं. पण दुधातली साखर कोंबडीला पचत नाही, त्यामुळे जास्त झालं की हगवण वाढते. उरलेलं ताक भांड्यात दिवसभर ठेवू नये. लसूण, हळद, व्हिनेगर यांचा चिमूटभर वापर गावोगाव होतो. त्यावर कोणी आजार बरा होण्याची वाट पाहू नये, एवढंच सांगतो.

आधी साधं, मग पूरक

पेटा दळायला खडे लागतात. मोकळी कोंबडी ते स्वतः शोधते. पिंजऱ्यात किंवा गच्चीवर ठेवलेल्या कोंबडीला बारीक कठीण खडी द्यावी लागते. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम हवं. एका अंड्याच्या टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. शिंपल्यांचा चुरा किंवा धुऊन, वाळवून, कुटलेली टरफलं वेगळ्या भांड्यात ठेवली की तिला हवी तेवढी ती खाते. हे कॅल्शियम लहान पिल्लांना मात्र देऊ नये. त्यांच्या मूत्रपिंडांना त्याचा त्रास होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत सावली आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं गार पाणी हे सर्वांत मोठं औषध. अगदी कडक उन्हाच्या दिवशी कोंबड्यांसाठीची क्षारांची पावडर पाण्यातून द्यायला हरकत नाही.

आणि बुरशी आलेला मका, बाजरी किंवा पेंड 'फेकण्यापेक्षा कोंबड्यांना' घालू नये. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. ते यकृतावर घाव घालतं आणि त्यावर प्रोबायोटिक हा उतारा नाही. चाळीतला सडका कांदाही कोंबड्यांपुढे ओतू नये.

विष्ठा काय सांगते?

विष्ठेवरची पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, ती असायचीच. दिवसातून एक-दोनदा पडणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठाही नेहमीचीच. ती त्या दोन बंद पिशव्यांतून येते. काळजी करायची ती रक्त दिसलं, हिरवी पातळ हगवण लागली, मान वाकडी झाली, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली किंवा सकाळीही गळ्याखालची पिशवी भरलेली लागली तर. हिरवी हगवण आणि वाकडी मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं असू शकतात. तो विषाणूचा आजार आहे. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, वेळेवर दिलेली लस चालते.

उरलेल्या कॅप्सूलचं काय?

मूत्रमार्गाचा साधा संसर्ग घेऊन आलेल्या रुग्णाच्या तपासणी अहवालात एकामागून एक अँटिबायोटिकसमोर 'निरुपयोगी' असा शेरा दिसतो, तेव्हा मला अशा कॅप्सूल आठवतात. आजींच्या तीन कॅप्सूलनी हे घडलं असं मी म्हणत नाही. पण अर्धवट मात्रेत औषध मिळालं की कमजोर जिवाणू मरतात, चिवट मागे राहतात. ते कोंबडीतून हातावर, हातावरून ताटात येतात. औषधाचा अंश अंड्यातही उतरतो.

कोलिस्टिन हे आमच्या अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीतलं औषध. तेच कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी त्याचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. सरकारनं मोठ्या फार्मचा दरवाजा लावला. घरातल्या फडताळाचा दरवाजा आपल्यालाच लावायचा आहे.

घरच्यांसाठी आणखी थोडं. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत, पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत, अंडी पूर्ण शिजवून खावीत.

आजींना मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवलं. जाता येत नसेल त्यांच्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि रक्ती हगवणीचे परजीवी निघाले. या आजारात प्रत्येक वेळी रक्त दिसतंच असं नाही. दाढेच्या कॅप्सूलचा त्यावर उपयोग नव्हता आणि नातवाच्या पुडीचाही झाला नसता. खुराड्यात पाण्याचं भांडं गळत होतं, तिथला भुसा महिनाभर ओला होता. त्या ओलीतच हे परजीवी वाढतात.

पशुवैद्यकानं योग्य औषध दिलं, अंडी किती दिवस खायची नाहीत ते सांगितलं. भुसा बदलला, भांडं विटेवर ठेवलं. सहा कोंबड्या वाचल्या. पुढच्या खेपेला आजींनी माझ्या टेबलावर एक जुना डबा ठेवला. त्यात घरात उरलेल्या सगळ्या गोळ्या-कॅप्सूल होत्या. "ह्या तुम्हीच ठिवा," म्हणाल्या. तसा एक डबा बहुतेक घरांत सापडेल.