अॅडव्हेंचर गेमसाठी गेमपॅड घ्यावा की माउस-कीबोर्ड पुरेसा? खरेदीआधी हे समजून घ्या

म्हसळा : अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर सुट्टीत गेम सुरू होतात आणि लवकरच घरात गेमपॅडची मागणी येते. म्हसळ्यासारख्या ठिकाणी तो दुकानात हाताळून पाहायला मिळेलच असे नाही. ऑनलाइन मागवायचा आणि पटला नाही तर परत पाठवायची खटपट करायची. म्हणून खर्च करण्याआधी एकच प्रश्न विचारा : या गेममध्ये पात्राला चालवायचे आहे की वस्तूवर बोट ठेवायचे आहे?

फरक नेमका काय?

कीबोर्डची कळ दाबलेली असते किंवा नसते. त्यामुळे चार कळांतून आठच दिशा मिळतात आणि वेग बहुधा एकच. गेमपॅडची स्टिक मात्र कुठे आणि किती कलली हे मोजते. हलकी ढकलली तर पात्र चालते, पूर्ण ढकलली तर धावते. माउसचे बळ वेगळे आहे. तो पडद्यावरचा नेमका बिंदू क्षणात गाठतो.

गेमपॅड कुठे सरस?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा २०२० मधला अॅक्शन-अॅडव्हेंचर गेम घ्या. त्यात राजी भिंतींवर चढते, उड्या मारते, त्रिशूळ घेऊन लढते. कॅमेरा गेम स्वतःच सांभाळतो, त्यामुळे नजर फिरवण्यासाठी माउस लागत नाही. तिरक्या वाटांवरून धावताना स्टिक सोयीची पडते.

माउस कुठे सरस?

१९९० च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये पडद्यावरचे क्रियापद आणि मग वस्तू निवडायची असते. अशा 'पॉइंट अँड क्लिक' गेममध्ये स्टिकने कर्सर सरकवत नेणे कंटाळवाणे होते. १९९८ च्या 'ग्रिम फँडँगो'ने माउस वगळून पात्राला थेट चालवायला लावले होते. २०१५ च्या नव्या आवृत्तीत मात्र माउसने क्लिक करण्याची सोय देण्यात आली.

घेण्याआधी काय तपासाल?

- गेमच्या पानावर कंट्रोलर सपोर्ट पूर्ण आहे की अर्धवट, ते पाहा.
- पीसीसाठी 'एक्सइनपुट' चालणारा गेमपॅड घ्या. नव्या गेमना तो सहसा लगेच ओळखता येतो.
- स्टिक झिजली की हात न लावताही पात्र सरकू लागते. 'हॉल इफेक्ट' स्टिक चुंबकावर चालते, त्यामुळे तिच्यात ही झीज टळते.
- मोबाइलला ब्लूटूथने गेमपॅड जोडला गेला, तरी गेममध्ये सपोर्ट नसेल तर बटणे चालणार नाहीत.

मग आधी काय करावे?

आधी गेम घ्या आणि घरातल्या कीबोर्डवर तासभर खेळून पाहा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. कोडी सोडवण्याचे गेम आवडत असतील आणि टचपॅडने काम अडत असेल, तर साधा माउस पुरे. उड्या आणि लढाईत बोटे अडखळत असतील, तरच गेमपॅडचा खर्च सार्थकी लागेल.